तळघरातलं पावसाचं पाणी आपोआप बाहेर काढा

गोव्यात चिऱ्याच्या भिंतींतून पावसात तळघरात पाणी झिरपतंच. मे महिन्यातच संप पंप (खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा पंप) बसवून घ्या.

१. सर्वांत सखल कोपऱ्यात साधारण २ फूट खोल खड्डा खणा. तळाशी खडी, तिच्यावर भोकं पाडलेला प्लास्टिकचा ड्रम.
२. ड्रममध्ये फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की तरंगत वर येऊन पंप सुरू करणारा) सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप ठेवा. फ्लोट मोकळा हलला पाहिजे. कडेला अडकला तर पंप सुरूच होत नाही.
३. पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वर चढलेलं पाणी परत खड्ड्यात येतं. पाइप उताराकडे सोडा, सेप्टिक टाकीत नको.

बादलीभर पाणी ओतून तपासा. ऐन पावसात वीज जाते, इन्व्हर्टर असला तर उत्तम.

कनेक्शन आरसीसीबीमधूनच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या आणि साचलेल्या पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करा.