पडक्या वाड्यात शिरण्याआधी

कॅमेरा सगळ्यात शेवटी भरायचा. आधी वाडा कुणाचा ते शोधा. दाराला कुलूप नाही म्हणून वाडा बेवारस होत नाही. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये सापडते, पण नाव असतं पणजोबांचं आणि वारस पुण्या-मुंबईला पांगलेले. एका भावानं हो म्हटलं की काम झालं, असं धरू नका. गावात राहणाऱ्या भाऊबंदांना प्रत्यक्ष भेटा, होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, सरपंचांच्या कानावर घाला. सामानात पहार-कुदळ नको. बंद वाड्यात परका माणूस दिसला की गावाला पहिला संशय येतो गुप्तधनाचा, आणि तो उगाच नसतो. देवघराची फरशी उखडून खड्डा मारलेले वाडे मी पाहिलेत.

पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने टाळा. भिंत बाहेरून भक्कम दगडी दिसते, पण दगडांच्या दोन थरांमध्ये माती आणि बारीक दगडगोटे भरलेले असतात. त्यात पाणी मुरलं की थर सुटतात, भिंतीला पोट येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात अशाच भिंती आणि त्यांवरचं माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छत, झोपलेल्या माणसांवर कोसळलं. म्हणून पोट आलेल्या भिंतीशेजारी ट्रायपॉड मांडायचा नाही, कोन कितीही सुंदर मिळत असला तरी. पौष-माघ सगळ्यात चांगले. गवत वाळलेलं असतं, आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यानं चौकातलं ऊन उत्तरेच्या सोप्यात (चौकाकडे उघड्या ओसरीत) आतपर्यंत शिरतं.

अंगावर जाड पँट, घोट्यावर येणारे बूट, हेल्मेट. टॉर्च दोन. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाऊ शकते, तेव्हा रुमालावर भागवू नका, एन-९५ मास्कच लावा. हातात काठी हवीच. माडीवर जायची वेळ आलीच तर काठीनं फळी ठोका आणि पाय तुळईच्या रेषेवर टाका. वाळवी आतून सगळं खाते, वरचा पापुद्रा मात्र शाबूत ठेवते. मी स्वतः जिना डळमळीत दिसला की माडी सोडून देतो. तळमजल्यावर जमीन पोकळ वाजली तर खाली पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, असू शकतं. त्यात उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेत माणूस जागच्या जागी गुदमरतो. पडलेल्या दगडांच्या ढिगात हात घालू नका. सर्पविषावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. १०८ नंबर पाठ असला तरी आत रेंज नसते, म्हणून सोबतचा एक जण बाहेर थांबवा. चौकात आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी परत फिरा.

आता कॅमेरा. रुंद लेन्स, ट्रायपॉड, जादा बॅटरी. माजघर काळोखं आणि चौक लख्ख, त्यामुळे एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम घ्या, फाइल रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) ठेवा. मोजपट्टी न्याच. सागवानी खांब, गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी), महिरपी उतरवून विकल्या जातात. पुढच्या खेपेला तुमचा फोटो आणि मोजमाप एवढंच उरलेलं असू शकतं. प्रत्येक दालनाचे चारही कोपरे, मग बळदाचं (भिंतीतल्या धान्याच्या कोठाराचं) तोंड, कोनाडे, खुंट्या. माजघराच्या तुळईला पाळण्याच्या कड्या असतील तर अगदी जवळून टिपा. एका वाड्यात मी त्या कड्यांवरून बोट फिरवलं होतं. दोरीच्या घासण्यानं लोखंड आतल्या अंगाला निम्म्यावर झिजलं होतं, आणि झीज दोन्ही कड्यांना सारखी होती. किती पिढ्यांची बाळं तिथं झोपली असतील!

कुठल्याही वस्तूची जागा फोटोसाठी बदलू नका. फोटो लोकांना दाखवताना गावाचं नाव आणि लोकेशन काढून टाका, नाहीतर लाकूड उचलणारे तुमच्यामागून पोचतील. मालकांसाठी छापील फोटोंचा एक संच करा. घरातल्या म्हातारीला मोबाइलवर नीट दिसत नाही. आणि निघताना दिंडी दरवाजाच्या कडीला बांधलेली सुतळी होती तशी बांधा, नाहीतर रात्री गुरं आत शिरतात.