मियाटाचं ऑइल घरी बदलताना: सगळा घोळ फिल्टरचा

माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, पहिली पिढी, १९८९ ते १९९७. घरी ऑइल बदलायला इतकी सोपी स्पोर्ट्स कार नाही, असं सगळे सांगतात. फिल्टर सोडला तर खरं आहे.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्यांनी हा लेख वाचूच नये. ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा, इंजिनच्या तळाचा) १९ च्या पान्याने सोडा, ऑइल पूर्ण गळू द्या, नवं वायसर घालून बेताने आवळा.

आता फिल्टर. तो इंजिनच्या उजव्या अंगाला, इंटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली दडलेला असतो. बॉनेट उघडून वरून हात घालायच्या फंदात पडू नका, नुसती सालटी निघतात. उजव्या पुढच्या चाकाजवळ गाडीखाली पाठीवर झोपा आणि हात कोपरापर्यंत वर घाला. दिसत काही नाही, चाचपतच काम करायचं.

फिल्टर घट्ट बसला असेल तर 'स्क्रूड्रायव्हर आरपार ठोका आणि फिरवा' हा सल्ला कुणीतरी देतोच. साफ चूक. पत्रा फाटतो, बूड तिथेच राहतं आणि मग धरायलाही काही उरत नाही. त्यापेक्षा फिल्टरला पॉलिश पेपर गुंडाळा, पकड येते. नाहीच हलला तर टोपीसारखा बसणारा फिल्टर पाना आणा. सैल झाला की हातावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून फिल्टर धरा आणि काढता काढता पिशवी त्याच्यावर उलटी करा. नाहीतर ऑइल मनगटावरून थेट बगलेत.

काढलेल्या फिल्टरवर रबराची रिंग आहे का, ते आधी बघा. नसेल तर ती इंजिनला चिकटून राहिली आहे. तशीच नवी चढवलीत तर इंजिन सुरू होताच अंगणभर ऑइल. दिसत नसलं तरी बोट फिरवून खात्री करा, ती जागा फडक्याने पुसा. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर पाऊण फेरी. पाना अजिबात नको. पुढच्या वेळी तो सोडवायला तुम्हीच आहात.

१०डब्ल्यू-३० ग्रेडचं नवं ऑइल आधी तीन लिटर ओता, बाकीचं डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत. सुरू केल्यावर थोडा वेळ टक-टक ऐकू आली तर घाबरू नका, हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये (व्हॉल्व्हजवळच्या, ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागांत) ऑइल भरतंय. ऑइल प्रेशरच्या काट्यावर मात्र १९९५ पासूनच्या गाड्यांत विसंबू नका, तो नावापुरताच आहे. टॉर्च घेऊन पुन्हा खाली जा आणि फिल्टरच्या कडेला कोरडं बोट लावून बघा.