बेससाठी अॅम्प आणि पेडल्स घेताय? एकट्याने वाजवून ठरवू नका

बेस गिटार हातात आली की पुढचा प्रश्न लगेच येतो, अॅम्प कुठला घेऊ आणि पेडल्स (पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्या) कुठली घेऊ, आणि मग बहुतेक जण दुकानात एकटे बसून वाजवतात, खर्जाचा (बेस) नॉब फुल, वरच्या आवाजाचा (ट्रेबल) फुल, मधल्याचा (मिड) पार खाली, आणि काय भारी वाटतं! तेच सेटिंग प्रॅक्टिसला लावा, ड्रम्स आणि दोन गिटार सुरू झाल्या की तुमचा बेस गायब, नुसती घरघर उरते आणि कुठला सूर वाजतोय ते तुम्हालाच कळत नाही. बेसचा सूर गर्दीत ओळखू येतो तो मिड्समुळे, साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातला भाग, आणि नेमका तोच आपण कापून टाकलेला असतो. म्हणून अॅम्प असो की पेडल, चौघं मिळून वाजवताना माझा सूर कळतोय का एवढं एकच डोक्यात ठेवून घ्या.

आधी एक नेहमीचा प्रश्न, घरात गिटारचा अॅम्प पडलाय, चालेल का? हळू आवाजात रियाजाला चालेल. पण बेसची ई तार ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची ई ८२ ला, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली, आणि गिटारच्या अॅम्पमधला स्पीकर एवढ्या खर्जासाठी बनवलेलाच नसतो, आवाज वाढवलात तर कोन फाटायची भीती. पाच तारांच्या बेसची बी तर ३१ हर्ट्झच्या आसपास असते, तिथे विचारूच नका.

आता तुम्ही वाजवणार कुठे ते ठरवा, कारण किंमत त्यावर ठरते. फक्त घरी वाजवायचं असेल तर २५ वॉट आणि ८ इंची स्पीकर पुरे, हेडफोनचं जॅक आहे का तेवढं बघा, शेजारीपाजारी खूष राहतील. फेंडर रंबल २५ अशातलाच आहे. पण त्याच्या पुढच्या रंबल ४० मध्ये १० इंची स्पीकर येतो आणि मागे एक्सएलआर आउटपुट, म्हणजे आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला पाठवायचं सॉकेट, मिळतं, आणि माझं ठाम मत आहे की थोडे पैसे जास्त गेले तरी ते आउटपुट असलेलाच अॅम्प घ्या. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात, कॉलेजच्या गॅदरिंगला, ऑर्केस्ट्रात कुठेही वाजवा, लोकांना बेस ऐकू जातो तो साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकर्समधून, तुमचा अॅम्प फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकायला. एक्सएलआरची केबल सरळ मिक्सरला गेली की काम झालं.

खऱ्या ड्रम किटसोबत बिना-पीए, म्हणजे साउंडवाल्याच्या स्पीकर्सशिवाय, वाजवायचं असेल तर मात्र १०० वॉट कमीत कमी धरा, २००-३०० असले तर निवांत. इथे वॉटच्या आकड्याला भुलू नका बरं का. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कळेल न कळेल एवढाच, पण स्पीकर वाढवला तर फरक लगेच जाणवतो. अॅम्पेग कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी हा अॅम्प आणला तेव्हा ३०० वॉटच्या हेडला (स्पीकर नसलेला नुसता अॅम्प) दहा इंची आठ-आठ स्पीकरची कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) जोडली होती, ते उगाच नाही. तसलं एक कॅबिनेट उचलायला दोन माणसं लागतात हा भाग वेगळा, आता क्लास डी (हलक्या सर्किटची) हेड दोन-तीन किलोत मिळतात, रिक्षातून नेता येतात.

हेड आणि कॅबिनेट वेगवेगळं घेणार असाल तर ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) बघा. ८ ओहमची दोन कॅबिनेट जोडली की ४ ओहम होतात, आणि हेडवर कमीत कमी जेवढे ओहम लिहिलेत त्याच्या खाली जायचं नाही. दोघांमध्ये स्पीकर केबलच लावायची, गिटारची केबल नाही, ती तापते. आणि अमेरिकेतून कोणी मामा-मावशी अॅम्प आणणार असतील तर तो १२० व्होल्टचा असू शकतो, आपल्या २३० वर तसाच लावला तर जळेल, मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग खुपसू नका.

दुकानात आपला स्वतःचा बेस घेऊन जा. सगळे नॉब मध्यावर ठेवा, मोकळी ई तार जोरात वाजवा आणि आवाज हळूहळू वाढवत न्या. कुठेतरी स्पीकर भर्र करायला लागतो, सूर फाटतो, तीच त्या अॅम्पची हद्द समजा. मग ए तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटला एखादी चाल वाजवा आणि मित्राला शेजारची गिटार वाजवायला सांगा. तेव्हाही तुमचे सूर सुटे ऐकू आले तर अॅम्प चांगला.

आता पेडल्स. सगळ्यात आधी तारा सुरात लावायला ट्यूनर, बोरिंग वाटला तरी. मग कॉम्प्रेसर, त्याने जोरात आणि हळू वाजलेले सूर एका पातळीवर येतात, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) करणाऱ्यांना तर हवाच, पण जास्त पिळलात तर वाजवण्यातला जीव जातो. ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) घेताना ब्लेंडचा नॉब असलेलंच घ्या, कारण गिटारची बरीचशी ड्राइव्ह पेडल्स खर्ज खाऊन टाकतात, ब्लेंड असला की मूळ स्वच्छ आवाज खालून चालू राहतो. ऑक्टेव्हरला (सुराखाली एक सप्तक खालचा सूर जोडणारं पेडल) एका वेळी एकच सूर द्यायचा, आणि जुन्या धाटणीचे ऑक्टेव्हर ई तारेवर खाली अडखळतात, तेव्हा वरच्या फ्रेट्सवर वाजवा. कोरस (आवाज दाट करणारं), रिव्हर्ब (घुमणारं) हौस म्हणून शेवटी. अजून काय आवडेल तेच माहीत नसेल तर झूम बी१ फोरसारखं एखादं मल्टिइफेक्ट (एकाच डबीत बरीच पेडल्स) घ्या, वर्षभर सगळं वाजवून बघा, मग सुटी पेडल्स. जोडायचा क्रम म्हणाल तर ट्यूनर, ऑक्टेव्हर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस, पण उलटसुलट करून बघायला काही हरकत नाही.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कीबोर्डवाल्याचा डावा हात आधी थांबवा! तो खाली बेस धरून बसला तर जगातलं कुठलंही पेडल तुमचा सूर मोकळा करणार नाही, प्रेमाने सांगा, ऐकतात.

पॉवर सप्लायमध्ये कंजूसी नको. बहुतेक पेडल्स ९ व्होल्टची, मधली पिन निगेटिव्ह, पण प्रत्येकाला किती मिलीअँपिअर लागतात ते बघून घ्या, डिजिटल पेडल्स जास्त खातात. एकाच अडॅप्टरला सगळी लटकवली की बऱ्याचदा घूं आवाज येतो, आयसोलेटेड सप्लायने (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणाऱ्या) तो जातो. आणि मंडपात जनरेटरवर असाच घूं आवाज आला तर अॅम्पच्या एक्सएलआरजवळचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन कोणी काढायला सांगितली तर अजिबात ऐकू नका, तारांना तुमचा हात लागलेला असतो, शॉक जिवावर बेतू शकतो.