कोळंबीला खाद्य टाकताना या चुका टाळा

व्हॅनामेई कोळंबीच्या तळ्यावर सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. तो वाया जातो तो बहुतेक वेळा कोळंबीच्या वजनावरून रोजचं खाद्य सांगणाऱ्या तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवल्याने.

१ लाख बी (कोळंबीची पिल्लं) सोडलं, ८० टक्के जगलं, सरासरी वजन १० ग्रॅम भरलं, म्हणजे तळ्यात ८०० किलो कोळंबी. तक्त्याप्रमाणे या वजनाच्या ३.५ टक्क्यांनी दिवसाला २८ किलो खाद्य, चार वेळा ७-७ किलो. हिशेब चोख, पण ८० टक्के हा अंदाजच! ६० टक्केच जगली असेल, तर २१ किलो पुरतं आणि रोजचं ७ किलो चिखलात कुजतं. मग अमोनिया वाढतो, पहाटे ऑक्सिजन घसरतो आणि दोष बियाण्यावर जातो.

चेक ट्रे चुकीचा वाचणं

चेक ट्रे म्हणजे खाद्य उरतं का ते पाहायला तळ्यात सोडायचा जाळीचा ट्रे. सगळं खाद्य टाकून झाल्यावरच तो सोडा. खाद्याच्या दर किलोमागे प्रत्येक ट्रेत २-३ ग्रॅम, म्हणजे ७ किलोला १४ ते २१ ग्रॅम. दोन तासांनी उचला. सगळे ट्रे साफ असतील तर पुढच्या वेळी ५ टक्के वाढवा. थोडं उरलं तर १० टक्के कमी करा. बरंच उरलं तर एक वेळ सरळ चुकवा. एरिएटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) प्रवाहातला किंवा कललेला ट्रे नेहमीच रिकामा दिसतो. त्यावर विसंबू नका, जागा बदला.

ट्रेमधली कोळंबी उजेडात धरून आतडंही पाहा. खाद्याच्या रंगाचं, भरलेलं असेल तर ठीक. काळं दिसलं तर ती तळातला गाळ खाते आहे. लालसर असेल तर मेलेली कोळंबी खाल्लेली असू शकते, तळ तपासा. पांढरं आतडं आणि पाण्यावर पांढरे धागे दिसले, तर खाद्य कमी करून तज्ज्ञाला बोलवा.

एकाच कोपऱ्यात ओतणं

बांधावरून एकाच जागी ओतलं की दांडगी खातात, लहान मागे पडतात. पसरून टाका, पण मधोमध नको; एरिएटर तिथेच गाळ जमवतात. टाकताना एरिएटरची चाकं थांबवली, तर नंतर ती सुरू करायला विसरू नका. दाट तळ्यात सगळी एकदम बंद करूच नका.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कोळंबी कात टाकते आणि कमी खाते. ट्रे पाहून २०-३० टक्के घटवा. मुसळधार पावसात थांबा.

पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका, फळ्यांवर रचा. बुरशीचा वास येणारं पोतं उन्हात वाळवून वापरू नका. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही.