भाड्याच्या खोलीतला आगमनकाळ

सलाम. मी मूळची नगरची, पेशाने नर्स, आणि गेली सहा वर्षं जर्मनीत, हॅम्बुर्गमध्ये. नवीन आलेल्या पोरी-पोरांचे नोव्हेंबर लागला की मला हमखास फोन येतात: "ताई, नाताळ इथे कसा करायचा?" मी म्हणते, नाताळचं नंतर बघू, आधी आगमनकाळाचं बघ. नाताळ एका दिवसाचा. त्याच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ, तेव्हा साडेआठला उजाडतं आणि चारला दिवे लागतात. माणूस खचतो तो तेव्हा.

खरं सांगायचं तर नगरला असताना मला आगमनकाळ फारसा ठाऊकच नव्हता. पाळकसाहेब उपदेशात तो शब्द वापरायचे, तेवढंच. आमचा डिसेंबर म्हणजे घराला चुना, फराळ, नवे कपडे आणि ढोलकी-टाळ घेऊन घरोघरी रात्रीची गाणी. वाट बघायला वेळ कुणाला होता? वाट बघणं मी इथे शिकले. पुढे आमच्याच मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास चाळताना दिसलं की सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नागपुरात स्थापन झाली तो दिवस, २९ नोव्हेंबर १९७०, आगमनाचा पहिला रविवार होता. घरचंच होतं, पण परक्या गावात येऊन कळलं.

आता क्रमाने सांगते. क्रम थोडा इकडेतिकडे होईल.

तारीख आधी काढा. २५ डिसेंबरच्या मागे चार रविवार मोजा; चौथा लागतो तो पहिला आगमन रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कुठेतरी येतो. ड्युटीची यादी बनवणाऱ्या सिस्टरला ऑक्टोबरातच सांगून ठेवा की चारपैकी दोन रविवार सकाळी तरी मोकळे हवेत. चारही मागू नका, मिळत नाहीत, आणि तोंड मात्र वाईट होतं.

त्याच्याही आधीचा रविवार सोडू नका. इथल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये तो मृतांच्या स्मरणाचा रविवार असतो. प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये तो सुरू केला. त्या वर्षी वारलेल्यांची नावं वाचतात आणि एकेका नावाला मेणबत्ती लावतात. माझे बाबा गेले तेव्हा मला तिकीट मिळालं नाही, माती फोनवर बघितली. नोव्हेंबरात मी चर्चच्या पाळकीणबाईंना (इथे बायकाही पाळक असतात, आत्याला हे अजून पटलेलं नाही) विचारलं, नगरच्या माणसाचं नाव चालेल का? त्यांनी कागदावर लिहून घेतलं, दोनदा म्हणून बघितलं आणि तरीही रविवारी चुकीचंच वाचलं. मी रडले ते नाव चुकलं म्हणून नाही. ज्यांचं कुणी या वर्षी गेलंय त्यांनी हे नक्की करा. दु:ख आत ठेवून नाताळचा तारा टांगायला जाऊ नका, हात चालत नाहीत.

आता मेणबत्त्या. चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं इथे घराघरात दिसतं. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्याला दोन, असं चारपर्यंत. ही कल्पना आमच्या हॅम्बुर्गचीच. योहान हिनरिश विखर्न नावाचे गृहस्थ इथे गरीब, बेवारस पोरांसाठी घर चालवायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ आला का? तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची, म्हणजे पोरांना मोजता येईल. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजोबांच्या बैलगाडीचं चाक आठवलं. ते गोठ्यामागे पडून होतं, त्यावर कोंबड्या बसायच्या.

तयार कडं महाग असतं. आठवडी बाजारात फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांची जुडी स्वस्तात मिळते. मी स्टीलच्या ताटात फांद्या गोल मांडते आणि मध्ये चार जाड मेणबत्त्या वाट्यांत उभ्या करते. एक वर्ष पणत्या ठेवल्या होत्या. व्हिडिओवर आत्या म्हणाली, "अगं, ती दिवाळी झाली!" मला नाही तसं वाटत, मातीचा दिवा कुणाच्या मालकीचा नसतो, पण आत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून आता वाट्या. एक धोक्याची गोष्ट: तिसऱ्या रविवारपर्यंत फर वाळून कोळ झालेला असतो आणि ठिणगीला भुकेला असतो. मेणबत्त्या पेटवून आंघोळीला जाऊ नका. फांद्या तेव्हा बदला किंवा काढूनच टाका.

मेणबत्ती पेटवली की पुढे काय? इथे बहुतेक जण कॉफी पितात. तुम्ही मराठीत मोठ्याने वाचा. मनात नाही, मोठ्याने. आठवडाभर ओठांवर जर्मन असतं, हॉस्पिटलात इंग्रजी, आणि आपली भाषा फक्त फोनवर भाजीचे भाव विचारण्यापुरती उरते. लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधलं येशूची गोष्ट सांगणारं एक पुस्तक) २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला तर २४ तारखेला संपतं. यात गोम एवढीच की जन्माची गोष्ट दुसऱ्याच अध्यायात येऊन जाते. म्हणून मी २४ ला रात्री दुसरा अध्याय परत वाचते.

तो अध्याय परदेशात वेगळाच ऐकू येतो. "नावनिशी" हा शब्द मी लहानपणापासून संडे स्कूलच्या नाटकात ऐकत आले. कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, हुकमाने सगळे आपापल्या गावी नावनिशी लिहायला निघाले. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात नंबर घेऊन सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला बसले आणि मला हसू फुटलं. हीच की ती नावनिशी! मग मरीया-योसेफाला धर्मशाळा मिळाली नाही ते वाक्य: "उतारशाळेत जागा नव्हती." खोली शोधताना अकरा ठिकाणांहून नकार आल्यावर हे वाक्य कुणाला उपदेशातून समजावून सांगावं लागत नाही. (नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो समजून भरा. प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक लिहिलंत की आयकराच्या ९ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो; बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८ टक्के. मी लिहिलं आणि भरते. पण पहिल्या पगाराची चिठ्ठी बघून दचकले होते, तुम्ही दचकू नका. उपासनेला बसायला मात्र कुणी पावती विचारत नाही.)

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९वा अध्यायही याच दिवसांत एकदा वाचा. बंदी करून बाबेलात (बाबिलोनला) नेलेल्या लोकांना त्याने पत्र लिहिलं, की घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकर परत याल, असं तो म्हणत नाही. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू येणारच नाहीस का?" तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून जमलेलं नाही.

चर्च कसं धरायचं? घराजवळचं धरा, सुंदर आहे म्हणून लांबचं नको. अंधारात, पावसात दोन गाड्या बदलून तुम्ही तिसऱ्या रविवारी जाणार नाही, मी गेले नव्हते. एकाच बाकावर बसा, किमान तीन रविवार. जर्मन माणूस पहिल्या रविवारी मान हलवतो, दुसऱ्याला "गुटन मोर्गन" म्हणतो आणि तिसऱ्याला कॉफी पुढे करतो. पहिल्याच रविवारी घरी येऊन "इथले लोक थंड आहेत" असं लिहून पाठवू नका.

उपदेश कळत नसेल तर चर्चमध्ये मिळणाऱ्या कागदावर वाचनाचे संदर्भ छापलेले असतात: येसाया म्हणजे यशया, येरेमिया म्हणजे यिर्मया, लुकास तर ओळखू येतोच. फोनवर मराठी पवित्र शास्त्र उघडून ते आधी वाचून ठेवा, म्हणजे अर्धा उपदेश अंदाजाने कळतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की ती बेलाशक मराठीत म्हणा, हळू. आपली त्यांच्यापेक्षा लांब भरते. सगळ्यांचं आमेन झाल्यावर माझं एकटीचं आमेन मागून येतं. शेजारच्या आजी आता थांबतात माझ्यासाठी.

भाषा शिकायचा कंटाळा येईल तेव्हा फादर स्टीफन्स आठवा. हा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये राचोलला छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणात त्याने मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तकथा सांगितली. ओव्या जवळजवळ ११,०००! आपल्याला जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा पास व्हायची असते फक्त.

तारा टांगा, आणि रस्त्याकडच्या खिडकीत टांगा. नगरला आम्ही कामट्या आणि पतंगाचा कागद लावून करायचो. इथे हेर्नहूट नावाच्या जर्मन गावचा तारा मिळतो, २५ टोकांचा: १७ टोकं चौकोनी बुडाची, ८ तिकोनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरेव्हियन मंडळीच्या (हा एक जुना प्रोटेस्टंट पंथ) शाळेत भूमिती शिकवताना तो जन्मला. तिथल्या वसतिगृहांत आईबाप दूरदेशी मिशनवर गेलेली पोरं राहायची आणि आगमनाच्या पहिल्या रविवारी तारे करत बसायची. मी पहिला जोडला तेव्हा दोन तास लागले आणि एक टोक उरलं. ते कुठे बसायचं होतं ते अजून माहीत नाही.

फराळ एकच करा. सगळं करायला गेलात तर काहीच होत नाही आणि छतावरचा धुराचा गजर वाजून शेजारी दारात येतात. मी करंजी करते. "टाइप ४०५" लिहिलेलं पीठ म्हणजे आपला मैदा, "बुटरश्माल्त्स" म्हणजे तूप, "पुडरत्सुकर" म्हणजे पिठीसाखर, आणि "कोकोसरास्पेल" म्हणजे खोबऱ्याचा कीस. हा कीस आपल्यापेक्षा बारीक आणि कोरडा असतो. मंद आचेवर दोन-तीन मिनिटंच परता, चौथ्या मिनिटाला करपतो. २०० ग्रॅमच्या पाकिटाला १५० ग्रॅम पिठीसाखर पुरे, वर वेलची. खसखस इथल्या दुकानात काळी-निळी मिळते, सारण सिमेंटसारखं दिसतं. पांढरी हवी तर आशियाई दुकानात जा. पारीसाठी दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बारीक रवा, तीन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, दुधात घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. कातण नसेल तर काट्याने कडा दाबा. लहान खोल पातेल्यात चार-चार तळा, खिडकी उघडी ठेवून, आणि त्याआधी ड्युटीचे कपडे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

मग सहा-सहाच्या पुड्या करून जिन्यातल्या शेजाऱ्यांना द्या. माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी आधी करंजी कापून आत मांस आहे का ते बघितलं. पण ताटली परत आली ती दालचिनीच्या ताऱ्यांनी भरून. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे.

२४ तारखेची संध्याकाळ सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी मी आपल्या हिशेबाने २५ ला सकाळी साडी नेसून, गजऱ्याऐवजी केसात चांदणी लावून चर्चमध्ये गेले, तर आत अकरा माणसं. सगळं गाव आदल्या संध्याकाळी येऊन गेलं होतं, आणि मी त्या वेळी खोलीत मॅगी खात बसले होते. इथे नाताळ म्हणजे २४ ची संध्याकाळ. दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, मग रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुपारी पोरांच्या नाटकाची उपासना, संध्याकाळी मोठ्यांची, कुठे कुठे रात्री अकराला आणखी एक. अर्धा तास आधी जा, एरवी ओस पडणाऱ्या चर्चला त्या दिवशी बाक पुरत नाहीत.

त्या संध्याकाळच्या जेवणाचं तिसऱ्या रविवारपर्यंत ठरवून टाका. आमंत्रणाची वाट बघू नका, तुम्हीच बोलवा. वॉर्डातल्या केरळच्या, फिलिपिन्सच्या मुली असतातच तुमच्यासारख्या. गेल्या वर्षी माझ्या खोलीत सात जणी होत्या आणि खुर्च्या तीन. घरी फोन मात्र आधी करून घ्या. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. इथले सहा वाजतात तेव्हा नगरला साडेदहा होतात आणि आई डोळे चोळत फोन घेते.

एक राहिलं, आणि ते ४ डिसेंबरलाच करायला लागतं. त्या दिवशी, संत बार्बराच्या सणाला, इथे चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवतात, म्हणजे नाताळला फुलते. रात्रभर कोमट पाण्यात आडवी बुडवा, मग बरणीत उभी करा, दर तीन दिवसांनी पाणी बदला. हीटरपासून लांब ठेवा. पहिल्या वर्षी मी ऊब मिळावी म्हणून हीटरवरच ठेवली आणि कळ्या भाजल्या. दुसऱ्या वर्षी २३ तारखेला दोन फुलं उघडली. व्हिडिओवर आईला दाखवली.

"बोर आहे का गं?"

"चेरी आहे, आई."

"मग आत्याला फोटो पाठव. ती सगळ्यांना सांगत सुटलीये, पोरगी तिकडे वाळक्या काडीला पाणी घालत बसते म्हणून."