पक्षांचा वीट आला असताना लोकसभेचे मत कसे ठरवावे

शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ मध्ये फुटल्यामुळे, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपले जुने चिन्ह आता कोणाकडे आहे, हेच महाराष्ट्रातील अनेक मतदारांना आधी विचारावे लागले. अशा वेळी सभा आणि जाहीरनामे बाजूला ठेवून उमेदवाराचे नमुना २६ मधील शपथपत्र वाचावे. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात प्रलंबित गुन्हे, कर्जे, जंगम व स्थावर मालमत्ता यांचा तपशील असतो. उमेदवार पूर्वी लढलेला असल्यास जुने शपथपत्र शेजारी ठेवून मालमत्तेचे आकडे आणि पक्षाचे नाव ताडून पाहावे. दोन्ही रकाने भाषणांपेक्षा बरेच बोलके असतात. विद्यमान खासदाराने सभागृहात विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर सापडतात, मात्र मंत्र्यांना ही कसोटी लावू नये, कारण ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात.

एवढे करूनही कोणी पटला नाही, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने मिळालेला ‘नोटा’चा पर्याय आहे. त्याने उमेदवार पडत नाही, हे मात्र जाणून बटण दाबावे: २०२४ मध्ये इंदूरला ‘नोटा’ला दोन लाखांहून अधिक मते मिळाली, तरीही निकाल सर्वाधिक मते मिळवणाऱ्या उमेदवाराच्याच बाजूने लागला. केंद्रावर सही करून मत नाकारण्याचीही सोय आहे, पण तशी नोंद मतदार नोंदवहीत होते आणि समोर बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना ती कळते. ‘नोटा’ गुप्त राहतो.