हायब्रिड मीटिंग रूमची खरेदी पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी

हायब्रिड मीटिंग रूमचं, म्हणजे काही जण खोलीत आणि काही बाहेरून व्हिडिओ कॉलवर असतात अशा खोलीचं, कोटेशन आलं की सगळ्यांची नजर आधी स्क्रीन आणि कॅमेऱ्यावर जाते. किती इंची आहे, फोर-के आहे का, बोलणाऱ्याकडे आपोआप वळतो का. साहेबांना दाखवायलाही तेच सोपं असतं. पण चित्र अडखळलं तरी मीटिंग चालू राहते, आवाज गेला की ती तिथेच संपते. आयटीत, ॲडमिनमध्ये किंवा एखाद्या इंटिग्रेटरकडे (अशा खोल्यांची यंत्रणा बसवून देणाऱ्या कंपनीत) नव्याने लागला असाल आणि हे काम तुमच्याकडे आलं असेल, तर माझं म्हणणं सरळ आहे: पैशाचा पहिला वाटा आवाजाला द्या, आणि त्यातलाही पहिला खोलीला. यंत्राची पाळी त्यानंतर.

टीम्स की झूम, रूममध्येच कायमचा कॉम्प्युटर की ज्याने त्याने लॅपटॉप जोडायचा, हे बहुतेक वेळा कंपनीच्या लायसन्सवर आधीच ठरलेलं असतं. त्यात फार डोकं घालू नका.

मी अडकलो तो ‘इको येतोय’ या दोन शब्दांत. पुण्यातल्या नव्या ऑफिसांत असते तशीच आमची खोली: दोन बाजूंना काच, खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर जिप्समचं गुळगुळीत सीलिंग. घरून जोडलेले लोक सारखे म्हणायचे, इको येतोय. व्हेंडरने फर्मवेअर बदललं, मग व्हिडिओ बार (स्क्रीनखाली लावायची, कॅमेरा-माइक-स्पीकर एकत्र असलेली पट्टी) बदलला, मग त्याहून महागडा लावून पाहिला. तक्रार जशीच्या तशी. त्या दिवसांत सोमवारच्या कॉलची मला धास्ती वाटायची. आणि खोलीत बसून ऐकलं तर सगळं व्यवस्थित! हेच समजून घ्या, कारण नवीन माणूस हमखास इथेच फसतो.

खोलीत बसलेल्या माणसाला दोन कान असतात आणि मेंदू भिंतींवरून परतणारा आवाज बाजूला सारून समोरच्याचं बोलणं उचलतो. माइकमागे असा मेंदू नसतो. थेट आलेला आवाज आणि काच, टाइल, सीलिंगवरून परतलेले आवाज तो एकत्र करून पलीकडे पाठवतो. म्हणून ऑफिसातल्यांना जे स्वच्छ वाटतं तेच घरी बसलेल्याला विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं.

तेव्हा ‘इको’ हा शब्द कानावर आला की एकच प्रश्न विचारा: “तुम्हाला नेमका कोणाचा आवाज परत येतोय, तुमचा स्वतःचा की आमचा?”

त्यांचा स्वतःचाच आवाज परत येत असेल तर दोष यंत्रात किंवा जोडणीत आहे. इको कॅन्सलेशन म्हणजे आपल्या स्पीकरमधून काय बाहेर पडलं हे यंत्राला माहीत असतं आणि माइकमध्ये आलेल्या आवाजातून ते तेवढं वजा करतं. त्याच खोलीत दुसऱ्या कोणी लॅपटॉप कॉलला जोडून त्याचा माइक किंवा स्पीकर चालू ठेवला, की हे गणित मोडतं. त्या लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद केले की काम होतं. पण ऑफिसातल्यांचा आवाज घुमत असेल तर जगातलं कुठलंही इको कॅन्सलेशन त्यावर उपाय नाही. नव्या यंत्रांतलं सॉफ्टवेअर घुमणं थोडं कमी करतं, पण शब्दांच्या कडा खाऊन. तो आजार खोलीचा आहे.

हार्वर्डमध्ये वॉलेस सेबाइन यांच्याकडे १८९५ मध्ये हेच काम आलं होतं. नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमापं घेतली आणि त्यातून सूत्र निघालं: घुमण्याचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण (भिंती, जमीन, सीलिंग मिळून किती आवाज गिळतात ते). हे सूत्र पाठ करा, नोकरीभर पुरेल. ६ मीटर × ४ मीटर × ३ मीटरची खोली म्हणजे ७२ घनमीटर. काच-टाइल-जिप्सममध्ये शोषण जेमतेम ७-८ चौरस मीटर भरतं आणि आवाज विरायला साधारण दीड सेकंद लागतो. नुसतं सीलिंग बदलून चांगल्या मिनरल फायबरच्या टाइल बसवल्या तर तोच काळ ०.६ सेकंदाच्या आसपास येतो. मीटिंग रूमला ०.४ ते ०.६ हवा. खाली कार्पेट टाकलं आणि एका भिंतीला दोन इंची जाडीचे कापड चढवलेले पॅनेल लावले तर आणखी फरक पडतो. पातळ फोमचे चौकोन दिसायला छान, पण पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीला ते फारसं काही करत नाहीत. त्यावर पैसे घालू नका.

याच गणितातून माइक कुठे ठेवायचा तेही कळतं. त्या दीड सेकंदाच्या खोलीत, चारी बाजूंनी ऐकणाऱ्या साध्या माइकसाठी, तोंडापासून सुमारे ४० सेंटीमीटरच्या पुढे माणसापेक्षा भिंतीच जास्त ऐकू येतात. सीलिंग बदललं की हे अंतर ६५ सेंटीमीटरपर्यंत जातं. बोलणाऱ्याच्या दिशेने कान लावणारे बीमफॉर्मिंग माइक ते आणखी वाढवतात, पण जादू करत नाहीत. स्क्रीनखालच्या बारमधला माइक टेबलाच्या टोकाला बसलेल्यापासून चार मीटर लांब असेल तर माहितीपत्रकात ‘सहा मीटरपर्यंत’ लिहिलेलं असूनही उपयोग नाही. ते सहा मीटर कार्पेट घातलेल्या शांत खोलीतले असतात. मोठ्या टेबलाला टेबलावरचे जादा माइक किंवा सीलिंगमधला माइक अंदाजपत्रकात धराच.

घाबरू मात्र नका. चार जणांची छोटी खोली असेल तर मध्ये ठेवलेला एक बरा यूएसबी स्पीकरफोन (माइक आणि स्पीकर एकाच डबीत) पुरतो, आणि तो लाखाच्या बारपेक्षा चांगला ऐकू येऊ शकतो. तो केबलनेच जोडा. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की जुन्या हँड्स-फ्री पद्धतीत आवाज थेट टेलिफोनसारखा अरुंद होतो.

बाकीचं भराभर. स्क्रीनच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब कोणी बसू नये. ६५ इंची स्क्रीन सुमारे ८१ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे पावणेपाच-पाच मीटरपर्यंत ठीक, एक्सेलचे बारीक आकडे दाखवणार असाल तर त्याहून जवळ. कॅमेरा खिडकीकडे तोंड करून लावू नका, सगळे काळे दिसतील. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच, ३.० तर ३ मीटरच्या आसपास. त्यापुढे एक्स्टेंडर लागतो आणि तो कोटेशनमध्ये नसला तर नंतर तुमच्या गळ्यात पडतो. सुताराने टेबलाला भोक पाडण्याआधी त्याच्याशी बोला, आणि जमिनीखालून एक रिकामा जाडसर पाइप टाकून ठेवा. स्विच आणि राउटर यूपीएसवर आहेत ना, तेही पाहा. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, कॉल मात्र गुरुवारीही असतात.

शिकण्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. यूट्यूबवरच्या परीक्षणांवरून खरेदी करू नका, कारण त्यातल्या खोल्या गाद्यापडद्यांनी भरलेल्या असतात. प्रमाणपत्र हवं असेल तर डान्टेचे (नेटवर्कच्या केबलवरून आवाज नेणारं तंत्र) पहिले स्तर ऑनलाइन आणि फुकट आहेत, ते आधी करा. एव्हिक्सा या ऑडिओ-व्हिडिओ क्षेत्रातल्या संघटनेचं सीटीएस प्रमाणपत्र या क्षेत्रात टिकायचं ठरलं की मग. आणि गुरू शोधायचा तर ब्रँडच्या सेल्स इंजिनिअरकडे नका पाहू. नाटकाला ध्वनी सांभाळणारा, बालगंधर्वला किंवा यशवंतरावला वर्षानुवर्षं माइक लावलेला माणूस गाठा. माइक हातभर पुढे-मागे केल्याने काय होतं हे त्याला डोळे मिटून कळतं. मला खोलीत टाळी वाजवून ऐकायला अशाच एकाने शिकवलं. टाळीनंतर धातूसारखी शेपटी ऐकू आली तर खरेदी थांबवून आधी सीलिंगवाल्याला बोलवा.

सगळ्या खोल्यांना एकच मॉडेल घेतलं तर सूट मिळते, असं अकाउंट्सकडून सांगितलं जाईल. दोन आकारांच्या खोल्या असतील तर हा मोह टाळा, त्यासाठी भांडावं लागलं तरी चालेल. आवाज वाईट असला तर दूरचे लोक रोज तक्रार करत नाहीत. थोड्या दिवसांनी ते बोलणंच बंद करतात, आणि निर्णय खोलीत बसलेल्यांचे होतात. नाशिकहून किंवा सांगलीहून जोडलेली, कामात तुमच्याइतकीच हुशार मुलगी सहा महिने गप्प बसते ती अशी. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून इतकं लांबण लावलं.

डेमो व्हेंडरच्या शोरूममध्ये घेऊ नका. यंत्र तुमच्या खोलीत आणायला सांगा, एसी पूर्ण वेगाने चालू ठेवा, टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर हळू बोलणाऱ्या माणसाला बसवा. तुम्ही स्वतः इमारतीबाहेर जा, फोनच्या डेटावर जोडून साधे इअरफोन लावून ऐका आणि रेकॉर्ड करा. ऑर्डरमध्येही लिहून घ्या की शेवटचा हप्ता अशीच चाचणी बसवलेल्या यंत्रावर घेऊन, बाहेरून जोडलेल्या दोघांनी ‘प्रत्येक शब्द कळला’ असं लेखी दिल्यावरच सुटेल. व्हेंडर कुरकुर करेल. चांगला असेल तर मान्य करेल.